मशीनची ओटी

पावसाळा आटोपला की इंदुरात जे ऊन पडतं त्याला इथले लोक क्वारची धूप म्हणतात. आमच्या घरी आजोबांपासून आश्विनातलं ऊन म्हणायची पद्धत आहे, पण चटका तोच. चौकाचौकांत गरब्याचे मंडप उभे राहतात, संध्याकाळी मुली आरशांचे घागरे सावरत स्कूटीवरून निघतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या लॅबच्या काउंटरवर लघवीच्या बाटल्यांची रांग लागते. उपासात पाणी कमी प्यायचं, नाचताना घाम गाळायचा आणि मंडपात बायकांना जायला धड जागा नाही. देवीचा उत्सव बायकांच्याच मूत्राशयावर उठतो, हे मला दर वर्षी दिसतं. मी सूक्ष्मजंतूंची डॉक्टर आहे, मला काउंटरमागूनच सण कळतात.

बाटल्या म्हणजे तरी काय! जॅमची बरणी, होमिओपॅथीच्या गोळ्यांची शिशी, लोणच्याचा प्लास्टिक डबा. एकदा एका गृहस्थांनी शेवेच्या डब्यात नमुना आणला, आणि डब्याच्या तळाशी रतलामी शेवेचा चुरा तसाच होता. मी त्यांना विचारलं, यातलं नमकीन किती आणि तुमचं किती ते मी कसं ओळखू? ते चिडून गेले. माझी जीभ तिखट आहे असं आई म्हणायची, आणि ती काळजीने म्हणायची. मला त्याचं कधी फार वाईट वाटलं नाही.

या उन्हात मला एकच आश्विन आठवतो, मशीन सुरू झाली तो. हिंदीच्या संगतीत आमच्या गावची मशीन बाई झाली आहे, म्हणून ‘ती’ सुरू झाली. तोवर सगळं हातावर चालायचं. रक्त मिसळलेल्या जेलीची एक चपटी बशी असते, तिला आम्ही प्लेट म्हणतो. तारेच्या लूपने तिच्यावर नमुन्याचा थेंब ठेवायचा आणि रेघा ओढत न्यायचा, प्रत्येक फेरीला आधीपेक्षा विरळ. रेघा नीट ओढल्या तर दुसऱ्या दिवशी शेवटच्या टोकाला जंतूंचे सुटे सुटे ठिपके उगवतात, आणि सुटा ठिपका मिळाला की कोणता जंतू, कोणत्या औषधाने मरेल, ते कळतं. रेघा बिघडल्या तर सगळा चिखल होतो आणि पेशंटला पुन्हा बोलवावं लागतं.

या रेघा ओढायच्या कुंदाताई. परदेशीपुऱ्यातल्या मिलकामगारांच्या वस्तीतून दोन बस बदलून यायच्या. वडील मिलमध्ये होते, नवराही मिलमध्ये, आणि मिल बंद पडल्यावर नवरा घरी बसला तो बसलाच. पगार आणणाऱ्या त्या एकट्या. वयाने माझ्याहून मोठ्या, पण मला मॅडम म्हणायच्या आणि मी त्यांना ताई. दोघी मराठी म्हणून लॅबमधले बाकीचे आम्हाला एकाच घरातल्या समजायचे. आमच्या आजोबांना होळकरांच्या कचेरीत खुर्ची होती आणि परदेशीपुऱ्यातल्या मराठी माणसांशी आमचं हळदीकुंकवापलीकडे जाणंयेणं नव्हतं, हे त्यांना कोण सांगणार! कुंदाताईंना मात्र ते बरोबर ठाऊक होतं. त्या माझ्यासमोर कधी खुर्चीवर टेकून बसल्या नाहीत.

मशीन आली ती नेमकी पितृपक्षात. लॅबचे मालक, ज्यांना सगळे बडे सर म्हणतात, स्वतः पॅथॉलॉजिस्ट आहेत. पण पितरांच्या दिवसांत नवी वस्तू उघडायला त्यांचा जीव धजेना. तेव्हा ते भलंमोठं खोकं कॉरिडॉरमध्ये तसंच पडून राहिलं. येणारेजाणारे त्यावर पिशव्या ठेवायचे, कुणी चहाचा कप ठेवायचं. कुंदाताई मात्र त्याला वळसा घालून जायच्या. बडे सरांनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं होतं, “देखिए, मशीन पे एक ही आदमी बैठेगा। नवरात्रि से दिवाली तक हर सैंपल दोनों तरफ लगेगा, हाथ से भी और मशीन से भी। फिर देखेंगे, कौन बैठेगा और बाकी का क्या करना है।” बाकीचं काय करायचं हे म्हणताना ते कुंदाताईंकडे पाहत नव्हते, म्हणजे कुणाबद्दल बोलत होते ते सगळ्यांना समजलं.

घटस्थापनेला मशीन सुरू झाली. काचेआड एक हात खाली यायचा, बाटलीचं झाकण फिरवून काढायचा, थेंब उचलायचा, प्लेटवर सोडायचा आणि रेघा ओढायचा. प्रत्येक प्लेट आधीच्या प्लेटसारखी. मी आयुष्यभर जंतू पाहत आले आहे. इतके देखणे, सुटे सुटे ठिपके मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. कुंदाताईंच्या प्लेटी शेजारी ठेवल्या की फरक आंधळ्यालाही दिसला असता. त्यांचा हात चांगला होता, पण सकाळचा हात वेगळा आणि दुपारी जेवल्यानंतरचा वेगळा. गर्दी वाढली की रेघा जवळ जवळ यायच्या. माणूस हाताने करतो त्याचं कौतुक करायची आपल्याला फार हौस असते. पण ज्याच्या नमुन्याचा चिखल होतो त्याला त्या कौतुकाचा काय उपयोग?

“मॅडम, ती थकतच नाही,” कुंदाताई एकदा काचेसमोर उभ्या राहून म्हणाल्या.

“थकायला ती काय बसने येते?” मी म्हटलं.

त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, “मला शिकवाल ना हिच्यावर बसायला? मी शिकेन हो. रितिका तर अभी अभी आली आहे, तिला कुठेही मिळेल नोकरी. मला या उमरमध्ये कोण घेणार?”

रितिका म्हणजे आमची नवी टेक्निशियन, कॉम्प्युटरवर बोटं नाचवणारी, कुंदाताईंना आंटी म्हणणारी. मी कुंदाताईंना सांगितलं की ठरवणारे बडे सर आहेत, मी फक्त प्लेटी वाचते. ते खरंच होतं.

खंडेनवमीला लॅबमध्ये सगळ्या उपकरणांची पूजा होते. मायक्रोस्कोपला फूल, फ्रिजला स्वस्तिक, जनरेटरला हार. मी त्या दिवशी घरच्या नैवेद्यासाठी रजेवर असते. दुपारी ग्रुपवर फोटो आला, मशीनला झेंडूचा हार आणि समोर बडे सर हात जोडून उभे. सगळ्यांनी अंगठे दाखवले होते, मीही दाखवला. फोटोत हारापलीकडचं काही दिसत नव्हतं.

दसऱ्याची सुट्टी संपवून परत आलो आणि मशीनच्या प्लेटी घाण निघायला लागल्या. जंतूंच्या ठिपक्यांच्या मध्येमध्ये कोरड्या, खडबडीत, पसरट, राखाडी चकत्या. पहिल्या दिवशी थोड्या, मग जवळजवळ प्रत्येक प्लेटवर. त्याच नमुन्यांच्या कुंदाताईंनी लावलेल्या प्लेटी मात्र स्वच्छ. दोन्ही प्लेटी शेजारी ठेवून सगळी लॅब बघायला जमली. कुणी टाळी वाजवली. काउंटरवरचा मुलगा, ज्याला सगळे इंदुरी थाटात भिया म्हणतात, म्हणाला, “लो, हार गई मशीन! कुंदा ताई ज़िंदाबाद!”

मी कुंदाताईंना त्या आठवड्यात पाहिलं तसं आधीही कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. केसांत गजरा माळून आल्या. रितिकाला लूप कसा धरायचा ते शिकवू लागल्या, जरा मोठ्या आवाजात. एकदा तर बोलता बोलता माझ्यासमोरच्या खुर्चीवर टेकून बसल्या. बडे सर कंपनीला फोन करून ओरडत होते, मशीन वापस ले जाओ म्हणत होते. “हाताची बात काही और असते, मॅडम,” कुंदाताई म्हणाल्या. मलाही क्षणभर बरं वाटलं. माणूस जिंकताना पाहायला कुणाला आवडत नाही!

मग त्या बाळाची प्लेट आली. पाच-सहा दिवसांच्या बाळाला ताप होता. इतक्या लहान बाळाची लघवी बाटलीत कशी धरणार? पोटाच्या खालच्या भागात सुई घालून थेट मूत्राशयातून काढतात. हाताच्या प्लेटवर काही नाही आणि मशीनच्या प्लेटवर त्या राखाडी चकत्या. दोन प्लेटी दोन गोष्टी सांगतात म्हटल्यावर डॉक्टरांनी नमुना पुन्हा मागितला. त्या बाळाच्या पोटात पुन्हा सुई गेली. बाप बाटली घेऊन आला तेव्हा त्याने मला एवढंच विचारलं, “मैडम, पहले वाले में क्या गलती हुई थी?”

मी त्या प्लेटी उजेडात धरून पुन्हा पाहिल्या. राखाडी चकत्या रेघेवर नव्हत्याच. नमुन्यातला जंतू रेघेवरच उगवतो, कारण लूप तिथूनच गेलेला असतो. रेघेबाहेर उगवलेला जंतू वरून पडलेला असतो. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर धान्यात आणि मातीत सापडणारा तो नेहमीचा जंतू, जो वाळला तरी मरत नाही. मशीनच्या आत काहीतरी होतं. मी कंपनीच्या इंजिनिअरला बोलावलं आणि समोरचं झाकण उघडायला लावलं.

प्लेटी सरकतात त्या ट्रेखालच्या फटीत तांदूळ होते. हळदीने पिवळे, कुंकवाचे डाग पडलेले. आतल्या पंख्याच्या जाळीवर हळदीची पूड बसली होती, आणि एका कोपऱ्यात सुपारीचं खांड. इंजिनिअरने चिमट्याने एक दाणा उचलून धरला आणि तो माझ्याकडे असा पाहू लागला की मी हसेन का रागावेन, ते त्याला कळेना.

“कचरा नाही तो, मॅडम,” मागून कुंदाताई म्हणाल्या. “अक्षता आहेत. मी ओटी भरली होती तिची.”

त्यांनीच सगळं सांगितलं, काही न लपवता, कारण लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. खंडेनवमीला बडे सरांनी हार घातला, आरती केली आणि ते गेले. मग कुंदाताईंनी घरून आणलेला खण, नारळ, सुपारी आणि ओंजळभर तांदूळ काढले. नवी बाई घरात आली की तिची ओटी भरतात. मशीनला पदर नाही, म्हणून त्यांनी काच वर केली, ट्रेवर खण अंथरला, त्यावर नारळ-तांदूळ ठेवले, हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला. नंतर खण-नारळ उचलून प्रसाद म्हणून घरी नेला. जे सांडलं ते सांडलं.

“काय मागितलंत तिच्याकडे?” मी विचारलं.

“मला पास ठेव म्हटलं, तुझ्याजवळ,” त्या म्हणाल्या. “और क्या मागणार?”

मी तो दाणा एका नव्या प्लेटवर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती तीच कोरडी, राखाडी चकती पसरली होती. मी सगळ्यांना बोलावलं. काउंटरवाले आले, रितिका आली, बडे सर आले. मी प्लेट उचलून दाखवली. मशीन हरलेली नाही, म्हटलं, आणि कुंदाताईंचा हात जिंकलेला नाही. ही कुंदाताईंची भक्ती उगवली आहे. आठवडाभर आपण सगळे तिच्यासाठी टाळ्या वाजवत होतो.

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. बडे सर तर डोळे पुसत होते. “कुंदा जी, आपने तो मशीन को ही प्रसाद खिला दिया!”

“मी भल्यासाठीच केलं होतं, मॅडम,” कुंदाताई म्हणाल्या. त्या मराठीत बोलल्या, म्हणजे फक्त माझ्याशी.

“तसं त्या बाळाच्या आईला सांगू का?” मी विचारलं. मीही मराठीतच विचारलं, पण बाळ हा शब्द सगळ्यांना समजतो.

त्यांनी केसांतला गजरा काढला. काढून हातात धरून उभ्या राहिल्या, कारण लॅबमध्ये फुलं टाकायची वेगळी बादली नाही.

या प्रसंगाबद्दल मी पुष्कळदा विचार केला आहे. एका खोलीत बोलावून, दार लावून सांगता आलं असतं, असं माझी बहीण म्हणाली. आलं असतं. पण मग लॅबमध्ये महिनाभर कुजबुज चालली असती, अर्धे लोक म्हणाले असते मशीनच वाईट, आणि पुढच्या खंडेनवमीला आणखी कुणीतरी तिची ओटी भरली असती. चूक लपवून बरी होत नाही, जंतूसारखीच ती अंधारात वाढते. मी वीस माणसांसमोर बोलले म्हणून आज तिथे कुणी उदबत्तीसुद्धा लावत नाही. मला पश्चात्ताप झाला नाही. मला वाईट वाटलं, आणि ते मी लपवतही नाही, पण ते वेगळं.

एक गोष्ट मात्र मला आजही खुपते. मशीन स्वच्छ झाल्यावर बडे सरांनी विचारलं, “तो मैडम, आपकी राय?” मी सांगितलं की रितिकाला बसवा, तिचं डोकं यात चालतं. ते खरंच होतं. तांदळाची गोष्ट घडली नसती तरी मी तेच सांगितलं असतं. पण कुंदाताई आजही समजतात की त्यांच्या अक्षतांमुळे त्यांची जागा गेली. मी एकदा त्यांना खरं सांगायला गेले, की तसं नव्हतं, तुमचा हात मशीनपेक्षा कमीच पडत होता. त्या म्हणाल्या, “राहू द्या मॅडम, देवीचाच कोप होता.” त्यांना तेच बरं वाटत होतं. आपण कमी पडलो यापेक्षा देवी कोपली हे ऐकायला सोपं जातं.

त्यांना काढलं नाही. बडे सर म्हणाले, पुरानी हैं, दरवाज़े पे बिठा दो. मशीनला एकाच मापाची, एकाच झाकणाची बाटली लागते. जॅमच्या बरण्या आणि शेवेचे डबे ती ओळखत नाही. तेव्हा येणाऱ्या प्रत्येक डब्यातला नमुना मशीनच्या बाटलीत ओतायला, झाकण पिळून घट्ट करायला कुणीतरी हवंच होतं. झाकण सैल राहिलं तर मशीन लाल दिवा लावून थांबते आणि रितिका आतून ओरडते, “आंटी, टाइट!” कुंदाताई दिवसभर झाकणं उघडतात आणि पिळतात. इतकी वर्षं ज्या लूपने त्या जंतूंना सुटं करायच्या, तो कुठल्या ड्रॉवरमध्ये गेला कुणाला माहीत नाही. नव्या पोरींना त्या कधी काय करायच्या हेही ठाऊक नाही. पेशंट त्यांना बाटलीवाली बाई म्हणतात.

मग त्यांचा अंगठा दुखायला लागला. आधी सकाळी, मग दिवसभर. मुळाशी सूज आली आणि अंगठा हळूहळू आत वळला. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा झाकणांचा आजार आहे, झाकणं बंद करा. कुंदाताईंनी डॉक्टर बंद केले. मी बडे सरांशी बोलले, झाकण पिळायचं एक लहानसं यंत्र मिळतं म्हणून. ते म्हणाले, देखते हैं। अजून देखतच आहेत.

यंदाच्या नवरात्रात, बाटल्यांचा ढीग सगळ्यात मोठा असताना मशीन बंद पडली. आतला एक पट्टा तुटला होता, सुटा भाग बाहेरून यायचा होता, इंजिनिअर आपल्या गावी गरबा खेळत होता. काउंटरवर माणसं भांडत होती. रितिकाने हाताने लावून पाहिलं, तिला येईना. तिला कधी गरजच पडली नव्हती. ती माझ्याकडे धावत आली आणि मग दोघींनी दाराकडे पाहिलं.

“कुंदाताई, या,” मी म्हटलं.

त्या उठल्या. हात धुतले, दोनदा धुतले. रितिकाने कुठूनतरी जुना लूप शोधून दिला, बर्नर लावला, स्टूल पुढे केलं. सगळे बाजूला उभे राहून पाहत होते. काउंटरवाला भिया येऊन म्हणाला, “अब देखो कमाल।” कुंदाताईंचा चेहरा त्या वेळी कसा होता हे मी पाहिलं आहे. त्यांनी तार लाल होईपर्यंत तापवली, गार होऊ दिली आणि पहिली प्लेट उघडली. त्या दिवशी त्या जेवायला उठल्या नाहीत. शेवटची बाटली संपेपर्यंत प्लेटी लावत राहिल्या.

दुसऱ्या सकाळी मी प्लेटी काढल्या. पहिली, दुसरी, पाचवी. दुधावर साय धरावी तसे जंतू काठापासून काठापर्यंत एकसंध धरले होते. एकही सुटा ठिपका नाही. आत वळलेला अंगठा हलतच नव्हता, त्यामुळे लूप उचलताच आला नव्हता आणि सगळ्या रेघा एकमेकींवर गेल्या होत्या. एकही प्लेट वाचता येण्यासारखी नव्हती.

कुंदाताई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी एक प्लेट उचलली, उजेडात धरली आणि परत ठेवली. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत.

“बोलवा ना सगळ्यांना, मॅडम,” त्या म्हणाल्या. “ते तुम्हाला चांगलं जमतं.”

मी रितिकाला सांगितलं, सगळ्यांना बोलाव. सगळे आले. मी प्लेटी एकेक उचलून दाखवल्या, कुणाकुणाचा नमुना पुन्हा मागवावा लागेल ते सांगितलं. कुंदाताई शेवटपर्यंत उभ्या होत्या. पेशंटना फोन दारावरच्या माणसाने करायचे असतात, तेव्हा ते त्यांनीच करायचे, हेही मी सांगितलं.